दहा अंश डावीकडे

हे लिहिणारच नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. खरं लिहायचं तर मी ह्यात फारसा बरा दिसत नाही. आणि खोटं लिहायचं तर मग अंगठे कशाला झिजवायचे.

आधी कामाचं सांगतो. मी चष्म्याच्या दुकानात आहे. पुढे काचेचं काउंटर, त्यावर डोळे दिपतील इतके दिवे. मागे एक अंधारी खोली. तिथे डोळे तपासून सॉफ्ट कॉन्टॅक्ट लेन्स बसवतात. बसवणारा मुख्य माणूस म्हणजे साहेब. तोंडावर मी त्याला अहो-जाहो करतो, इथे करणार नाही. वय सत्तेचाळीस, केस काळे केलेले, बोलणं गोड, ते फक्त गिऱ्हाइकाशी.

मी त्याच्या हाताखाली. डिग्री वगैरे नाही. जे शिकलो ते लेन्सच्या खोक्यातल्या बारीक अक्षरांच्या कागदावरून, व्हिडिओ बघून, आणि रद्दीत मिळालेल्या एका पुस्तकावरून. त्या पुस्तकाची पहिली चाळीस पानं नाहीत. त्यामुळे मला सुरुवातीचं काहीच येत नाही, एकदम मधलंच येतं, असं कावळा म्हणतो.

कावळा म्हणजे माझा शाळेपासूनचा मित्र. बांधकामावर टॉवर क्रेन चालवतो. सत्तर मीटर उंचीवर काचेच्या केबिनमध्ये एकटा. रंग काळा, आवाज कर्कश, बसायची जागा उंच, तर दुसरं काय नाव पडणार. ती केबिन मिळवायला त्यानं सहा वर्षं खाली सळ्या बांधल्या. वर गेल्यापासून माणूसच वेगळा झाला. सरळ चालायला लागला.

त्याच्या उजव्या डोळ्याला सिलिंडरचा नंबर आहे. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा म्हणाला, "भरलेला की रिकामा?"

सिलिंडरचा नंबर म्हणजे डोळा चेंडूसारखा सगळीकडून सारखा गोल नाही, एका दिशेनं जरा दबलेला आहे. मग लेन्सच्या नंबरालाही दिशा लागते. चष्म्यात ते सोपं, काच नाकावर बसली की हलत नाही. पण सॉफ्ट लेन्स डोळ्याच्या पाण्यावर तरंगते, पापणी लवली की फिरते. फिरली की दिशा गेली, अक्षरांना शेपट्या फुटल्या. म्हणून अशी लेन्स बनवतानाच खालच्या बाजूला जरा जाड ठेवतात, म्हणजे ती तळाला जाऊन स्थिर राहते. आणि तळाशी एक बारीक रेघ असते. ती रेघ बरोबर खाली आली की झालं.

काही डोळ्यांत ती बरोबर खाली येत नाही. जरा कलते. तेव्हा वेगळ्या दिशेची लेन्स मागवायची असते. नियम एका ओळीचा आहे. रेघ डावीकडे कलली तर तेवढे अंश मिळवा, उजवीकडे कलली तर वजा करा.

डावीकडे म्हणजे बघणाऱ्याच्या डावीकडे. डोळा ज्याचा आहे त्याच्या नाही. ह्या नियमाचं पान माझ्या फाटक्या पुस्तकात शाबूत होतं.

कावळ्याला लेन्स हव्या होत्या कारण तो दिवसभर वाकून खाली बघतो आणि चष्मा नाकावरून घसरतो. "एक दिवस चष्मा जाईल खाली आणि बसेल इंजिनिअरच्या टाळक्यात," म्हणायचा. मी त्याला दुकानात आणलं. चाचणीची लेन्स घातली, मोठं करून दाखवणाऱ्या यंत्रातून बघितलं, कार्डावर लिहिलं. रेघ दहा अंश डावीकडे. त्याच्या नंबराची दिशा एकशेसाठ अंशांवर. दहा मिळवायचे, म्हणजे एकशेसत्तरची लेन्स मागवायची. मागवायचं काम साहेबाचं, सही त्याची लागते. त्यानं कार्ड बघितलं, डोळ्याकडे बघितलंच नाही, आणि मागवली एकशेपन्नासची. दहा वजा केले.

चूक दहाची नाही झाली. वीसची झाली.

पाकिटं आली तेव्हा मी सुट्टीवर होतो. साहेबानं काउंटरवरूनच दिली. कावळा म्हणाला, जरा ओढल्यासारखं दिसतंय. साहेब म्हणाला, "दोन-तीन दिवसांत डोळ्याला सवय होते." कावळ्यानं विश्वास ठेवला. चौथ्या दिवशी कामावर डोळ्यांची वार्षिक तपासणी. उजव्या डोळ्यानं तिसऱ्या ओळीवरच अडकला. त्याच दुपारी खाली आणला. गेटवर बसून आत येणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायचे. वर दुसरा माणूस गेला. पुन्हा तपासणीची एक संधी मिळेल, तीन आठवड्यांनी, गुरुवारी अकराला. तीही हुकली तर केबिन कायमची त्या दुसऱ्याची.

आम्ही दोघं साहेबाकडे गेलो. त्यानं कार्ड काढलं.

"हे अक्षर कुणाचं?"

"माझं."

"काय लिहिलंय?"

"दहा अंश डावीकडे."

"बरं. पेशंटच्या डावीकडे."

"नाही साहेब. बघणाऱ्याच्या."

"पेशंटचा डोळा, पेशंटची लेन्स, आणि डावं तेवढं तुझं? कुठल्या शाळेत शिकलास रे हे?"

काउंटरवरची ताई फिसकन हसली. साहेब कावळ्याकडे वळला, आवाजात एकदम मध. "माफ करा हं. आमच्या माणसाला अजून डावं-उजवं कळत नाही. जेवतो कुठल्या हातानं कोण जाणे."

 कावळ्यानं माझ्याकडे बघितलं. एकच क्षण. त्या बघण्यात शंका होती. ती मला टोचत राहिली.

त्या दिवसापासून दुकानात माझं नाव डाव्या. ताई हाक मारते डाव्या, चहावाला विचारतो डाव्याला किती साखर. मला तपासणीच्या खोलीतून काढलं, स्टॉकवर टाकलं. खोकी मोजा, तारखा बघा, साहेबाच्या लेन्सची डबी धुवा.

नंतर साहेबानं कावळ्याला एकट्याला बोलावून पुन्हा तपासलं. मोठेपणानं. मला कळलं ते पाकीट आलं तेव्हा, कारण स्टॉकवर मीच. छोटं चंदेरी पाकीट, वर छापलेलं एकशेसत्तर. तपासणीच्या सकाळी स्वतः देणार, तोवर काउंटरच्या खणात ठेव, असं साहेब म्हणाला होता.

मी ते हातात धरून उभा राहिलो. म्हणजे त्याला कळलं होतं. डावं माझंच बरोबर होतं, आणि त्याप्रमाणे त्यानं गुपचूप दुरुस्तही केलं. पण एक शब्द नाही. ना दुकानाच्या मालकाला, ना कावळ्याला, ना मला. उलट त्याच संध्याकाळी ताईला म्हणाला, "डाव्याला विचार आज कुठल्या दारानं घरी जाणार."

तोवर मला राग होता. त्या पाकिटानंतर राग गेला आणि त्याच्या जागी काहीतरी थंड आलं. झोप छान लागायला लागली, खरं सांगतो. माणसाला काय करायचं ते ठरलं की झोप लागते.

साहेबही लेन्स लावतो. आणि त्याच्या वयाला जवळचं दिसत नाही. पण वाचायचा चष्मा तो लोकांसमोर लावणार नाही. लेन्स विकणारा चष्म्यात दिसला तर गिऱ्हाईक काय म्हणेल, हे त्याचं म्हणणं. म्हणून तो लांबचं आणि जवळचं दोन्ही दाखवणाऱ्या लेन्स लावतो. ह्या लेन्स वर्तुळात वर्तुळ अशा असतात. एका प्रकारात मधोमध लांबचा नंबर आणि भोवती जवळचा. दुसऱ्या प्रकारात नेमकं उलटं. साहेब उजव्या डोळ्यात पहिला प्रकार लावतो, डाव्यात दुसरा. दोन डोळे मिळून सगळं भागतं.

आता दोन्ही डोळ्यांत पहिलाच प्रकार घातला तर काय होईल? अंधाऱ्या खोलीत काहीच नाही. तिथे डोळ्याची बाहुली मोठी होते, लेन्सच्या कडेचं वर्तुळही कामाला येतं, जवळचं दिसतं. पण लख्ख उजेडात बाहुली टाचणीच्या डोक्याएवढी होते. मग फक्त लेन्सचा मधला ठिपका उरतो. लांबचा. जवळचं अक्षर म्हणजे नुसता धूर.

हे मला पुस्तकाच्या एकशेबाराव्या पानावर सापडलं. पान दुमडून ठेवलं.

आणि मुहूर्त साहेबानंच दिला. लेन्स कंपनीची माणसं येणार होती. सगळ्या भागातल्या लेन्स बसवणाऱ्यांना शिकवायला एक प्रशिक्षक नेमायचा होता. साहेबाला ते पद चार वर्षांपासून हवं होतं. गुरुवारी अकराला, दुकानाच्या वरच्या हॉलमध्ये, तीस जणांसमोर, शूटिंगचे दिवे लावून तो पेशंटची कार्डं वाचून दाखवणार आणि लेन्स निवडणार.

गुरुवार, अकरा. कावळ्याची तपासणीही तेव्हाच. मला हा योगायोग गोडच वाटला. तिकडे मित्र वर चढेल, इकडे हा खाली येईल.

गुरुवारी सकाळी नऊला साहेब म्हणाला, "डाव्या, कार्यक्रमाला नवी जोडी काढ माझी."

मी पाकिटं फोडली, डबीत घातली, नेहमीसारखी झाकणं लावली. पाकिटं कचऱ्यात, वर कापूस. साहेबानं अंधाऱ्या खोलीत लेन्स घातल्या, वाचायचं कार्ड डोळ्यांसमोर धरलं.

"झकास," म्हणाला.

मी म्हटलं, "साहेब, आज तुमचाच दिवस."

मग मला खुर्च्या लावायला वर पाठवलं. तीस खुर्च्या, एक फलक, दोन टेबलं. त्या तासाभरात मी जेवढा खूश होतो तेवढा कुणाच्या लग्नातही नव्हतो. खुर्ची लावायची आणि विचार करायचा, ह्या खुर्चीवरचा काय बघेल. ह्याच्यावरचा काय कुजबुजेल.

साडेदहाला चिकटपट्टी न्यायला खाली आलो. काउंटरचा खण उघडला. आत एक चंदेरी पाकीट. एकशेसत्तर.

"ताई, कावळा नाही आला अजून?"

"कधीच येऊन गेला. साहेबांनीच दिलं पाकीट त्याला."

"मग हे काय आहे?"

"मला काय माहीत. दोन होती ना त्यात."

दोन होती. दुसरं मीच ठेवलं होतं. एकशेपन्नासचं उरलेलं पाकीट, पुरावा म्हणून. कधीतरी मालकासमोर आपटीन ह्या आशेनं तीन आठवडे त्याच खणात जपून ठेवलं होतं. दोन्ही सारखी, फरक एका आकड्याचा, मोहरीएवढ्या.

"साहेबांनी वाचून दिलं ना?"

"वाचलं की. म्हणजे हात लांब करून बघत होते दोन मिनिटं. दिव्याखाली धरलं, परत लांब केलं. मी म्हटलं मी बघू का, तर म्हणाले मला दिसतं."

दिव्याखाली धरलं. जितका उजेड जास्त, तितकी बाहुली लहान. ते माझ्याच हातचं होतं, सगळं.

कावळ्याला फोन लावला, बंद. तपासणीच्या रांगेत फोन बंद करून घेतात.

आता जे लिहितो ते पुसायचं मनात होतं. पाकीट खिशात टाकून मी निघालो, ते जिन्याकडे गेलो. सायकल खाली होती, मी वर गेलो. हॉलच्या दाराला काच आहे. कार्यक्रम लवकर सुरू झाला होता, कंपनीच्या माणसांना पुढे जायचं होतं. दिवे लागलेले, साहेब मधोमध, हातात पहिलं कार्ड. हात लांब केला. जवळ आणला. पुन्हा लांब. हसला. घाम पुसला. कुणीतरी पुढून विचारलं, "नंबर काय म्हणालात?" साहेबानं काहीतरी आकडा सांगितला. पहिल्या रांगेतला माणूस कार्डाकडे बघून शेजाऱ्याकडे वाकला.

मी तिथे चार मिनिटं उभा होतो. घड्याळ समोरच्या भिंतीवर होतं, म्हणून नक्की माहीत आहे. खिशात मित्राचा डोळा आणि मी चार मिनिटं मजा बघत होतो.

मग सायकल काढली.

बांधकामावर पोचलो तेव्हा अकरा वाजून बारा मिनिटं. पत्र्याच्या कंटेनरमध्ये तपासणी, कपाटाच्या दाराला अक्षरांचा तक्ता चिकटवलेला, जमिनीवर खडूची रेघ. कावळा बाहेर फळ्यांच्या ढिगावर बसला होता. हेल्मेट मांडीवर. माझ्याकडे बघितलं तेव्हाच कळलं.

"तिसरी ओळ," म्हणाला. "परत तिसरीच. सवय काय होईना बाबा ह्या डोळ्याला."

"लेन्स चुकीची आहे. काढ."

"आता काढून काय करू? बाईंनी लिहिलंसुद्धा."

मी आत गेलो. डॉक्टरबाई पुढच्या माणसाचं नाव पुकारत होत्या.

"बाई, त्याला चुकीची लेन्स दिली होती. दुकानाची चूक."

"मागच्या वेळीही दुकानाचीच होती म्हणे."

"हो."

"तुम्ही कोण?"

"दुकानाचाच."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "निदान कबूल तरी करताय. अजून दहा जण आहेत. ते संपल्यावर एकदा बघीन. एकदाच."

कावळ्यानं नळावर हात धुतले, हवेत झटकून वाळवले, जुनी काढून नवी घातली. दहा मिनिटं बसू दिली. मी खिशातलं भिंग काढून मोबाइलच्या उजेडात रेघ बघितली. दहा अंश डावीकडे. माझ्या डावीकडे.

"वर काय लिहिलंय?" मी समोरच्या क्रेनकडे बोट केलं.

"भार मर्यादा आठ टन," तो म्हणाला. मग हळूच, "खाली रंग उडालाय, तोही दिसतोय."

पाऊण तासानं बाईंनी बोलावलं. तो उजव्या डोळ्यानं शेवटून दुसऱ्या ओळीपर्यंत गेला, एकही अक्षर न चुकता. बाईंनी आधीचं खोडून सही केली. सोमवारपासून वर.

बाहेर आल्यावर त्यानं माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की श्वास अडकला. आम्ही परत फळ्यांवर बसलो. मग त्यानं सहज विचारलं.

"पण पाकीट चुकलं कसं? तो साहेब एवढा आंधळा कधीपासून?"

"आज सकाळी नऊपासून," मी म्हटलं आणि हसलो. आणि सगळं सांगितलं. अगदी रंगवून. हात लांब, हात जवळ, घाम. मला वाटलं कावळा लोळेल हसून.

तो हसला नाही.

"म्हणजे माझी लेन्स तुझ्यामुळे चुकली."

"त्याच्यामुळे. त्यानं चष्मा लावला असता तर?"

"तू त्याचे डोळे बदललेस, त्यानं माझी लेन्स बदलली."

"तुझ्यासाठीच केलं ना मी. तुला खाली कुणी आणलं?"

"मी सांगितलं होतं?" त्यानं हेल्मेट बाजूला ठेवलं. "तुला डाव्या म्हणतात म्हणून केलंस. माझं नाव नुसतं पुढे करू नकोस."

 हे खरं होतं, पूर्ण नाही, पण बरंचसं.

"मी वरून दोन टन लोखंड सोडतो," तो म्हणाला. "खाली मुकादम उभा असतो. मला शिव्या घालतो रोज. मला तो आवडत नाही. पण सोडताना मी खाली माणूस आहे एवढंच बघतो, कुठला ते नाही बघत."

"मी लोखंड नाही टाकलं कुणावर."

"त्याच्या डोळ्यात अजून आहेत ना त्या?"

"आहेत."

"आणि दुपारी तो काय करणार? दुकान बंद ठेवणार?"

मला खरंच हा विचार आला नव्हता. अकरा वाजता काय होईल हे मी इतके दिवस घोटून ठेवलं होतं, दोन वाजता काय होईल हे एकदाही नाही. दोनला पहिली वेळ एका शिक्षिकेची होती. मग बस चालवणारा एक होता. पाकिटं काउंटरवर, दिव्यांखाली, हात लांब करून. साहेबाबद्दल मला तेव्हाही वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. ती शिक्षिका मात्र डोळ्यांसमोर आली. तिच्या मुलीला मीच लेन्स धरायला शिकवलं होतं.

"फोन करतो ताईला," मी म्हटलं. "पाकिटं तू तपास म्हणतो."

"आणि साहेब गाडी चालवत घरी जाईल. तू सांगायचंस. त्याला. तोंडावर."

"नोकरी जाईल माझी."

"जाईल."

"तो आयुष्यभर हसेल."

"हसू दे."

"आधी त्याला त्याचं कबूल करू दे, मग मी माझं करतो. एकशेसत्तर त्यानंच मागवली होती, कावळ्या. त्याला माहीत होतं."

"मलाही माहीत होतं," तो म्हणाला. "पहिल्या दिवसापासून. तू चुकणार नाहीस हे मला माहीत होतं. मी दुकानात तुझ्याकडे बघितलं ना, तेव्हा तू आता त्याला हाणतोस की काय ह्याची भीती वाटली मला."

मी तीन आठवडे त्या बघण्यावर जगलो होतो.

वर क्रेन फिरत होती. दुसरा माणूस भार जरा झोकांड्या देत नेत होता, आणि कावळा मान वर करून, ओठ चावून, ते बघत होता.

"बदल्यात काही मागायचं नाही," तो वरच बघत म्हणाला. "माफी नाही, कबुली नाही, काही नाही. जा, काय घातलंस ते सांग, ये."

पोटात अजून तेच थंड होतं. एक दुपार, फक्त एक दुपार मिळाली असती तर ती नेमणूक पुरती बुडाली असती. मी सायकल उभी केली, कुलूप काढलं, पुन्हा लावलं, पुन्हा काढलं.

"बोल," कावळा म्हणाला.

"दोनच्या आत," मी म्हटलं. "ती शिक्षिका यायच्या आधी. त्याच्या समोर उभा राहून सांगतो की दोन्ही डोळ्यांत एकच घातलीये, मी घातलीये, मुद्दाम घातलीये. आणि बदल्यात काही मागत नाही. तुला शब्द दिला."